भिंतीपलीकडचं गाणं

१९८२ साली मी सातवीत होतो. मुंबईच्या गिरणगावातली एक चाळ, दुसरा मजला आणि दहा बाय बाराची आमची खोली. वडील गिरणीत साच्यांवर कामाला होते. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या थांबल्या आणि सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली. पहिले काही दिवस आम्हा मुलांना गंमतच वाटली. वडील चक्क दिवसा घरी! पहाटे भोंगा नाही, की डब्याची घाई नाही.

पण संप काही मिटेना. वाण्याची उधारीची वही भरत गेली आणि मग वाण्यानेच हात जोडले. आईच्या दोन बांगड्या एका दुपारी गेल्या त्या गेल्याच. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी निघून गेली. वर्गातली बाकं रिकामी दिसू लागली. दिवाळी आली तेव्हा आमच्या अख्ख्या गॅलरीत एकच आकाशकंदील होता, तोही गेल्या वर्षीचा. आणि वडील बोलेनासे झाले. रागावले असते तरी बरं वाटलं असतं! नुसते खिडकीशी बसून राहायचे.

आमच्या शेजारच्या खोलीत एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. मूळचे नगर जिल्ह्यातले. बोलणं आपल्यासारखंच, ठसकेबाज मराठी. त्या मावशी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या. दोन खोल्यांमध्ये भिंत कसली, लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. त्यांच्याकडे शिंक आली की आमच्याकडे ‘शतंजीव’ म्हणायची पद्धत होती!

दरवर्षी नाताळच्या आधी दोन-चार दिवस त्यांच्या चर्चमधली तरुण मंडळी रात्री पेटी आणि ढोलकी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरायची. मावशींच्या दाराशीही यायची. त्या वर्षी आली ती गॅलरीत येऊन थबकलीच. सगळी दारं लोटलेली. कुठे दिवा नाही की गडबड नाही. अशा चाळीत ढोलकी वाजवायची कशी? त्यांची कुजबूज आम्हाला आतून ऐकू येत होती. मग मावशींचा आवाज आला, “गा रे. पण हळू.”

त्यांनी ढोलकी खाली ठेवली आणि नुसत्या पेटीवर एक संथ गाणं म्हटलं. ते गाणं मी त्याआधी किती वेळा ऐकलं होतं, देव जाणे! दर डिसेंबरात पार्टिशनपलीकडून यायचंच. आई स्टोजवळ बसली होती. पाहतो तर तिचे ओठ हलत होते. शब्द तिला येत नव्हते, पण चालीत पुढे काय येणार ते तिला नेमकं ठाऊक होतं. गाणं संपलं. मंडळी जिन्याकडे वळली. तेवढ्यात वडील म्हणाले, “पुन्हा म्हणायला सांग की त्यांना.”

किती दिवसांनी ते आपणहून काही बोलले होते!

दुसऱ्या दिवशी नळावर आईने मावशींना गाण्याचा अर्थ विचारला. मावशी म्हणाल्या, “अर्थ काय असायचाय? रात्र झालीये, सगळं शांत आहे, बाळ झोपलंय.” आई हसून म्हणाली, “अहो, मग ही अंगाईच की!”

आई बरोबर बोलली होती. ते गाणं होतं ‘सायलेंट नाइट’. नाताळचं जगातलं सर्वांत ओळखीचं गाणं. मावशी मंडळी त्याचा मराठी अवतार म्हणत होती एवढंच. पुढे मोठेपणी मी या गाण्याची जन्मकथा शोधून वाचली आणि चाटच पडलो. आमच्या त्या वाईट वर्षात धीर द्यायला आलेलं हे गाणं स्वतःच एकापाठोपाठ आलेल्या वाईट वर्षांतून जन्माला आलं होतं.

आता तुम्हाला थोडं लांब न्यायचं आहे. थेट इंडोनेशियात.

तिथल्या सुंबावा बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी आहे. १८१५ च्या एप्रिल महिन्यात तो फुटला. साधासुधा नव्हे, माणसाने नोंदवून ठेवलेल्या इतिहासातला हा सर्वांत प्रचंड स्फोटांपैकी एक. त्याचा आवाज दोन हजार किलोमीटरवरच्या सुमात्रापर्यंत गेला. जावा बेटावरच्या इंग्रज सैनिकांना वाटलं, कुठेतरी तोफा डागल्या जाताहेत, आणि त्यांनी तुकड्यासुद्धा धाडल्या! बेटावर आणि आसपास हजारो माणसं मेली. काही स्फोटात, तर कितीतरी नंतरच्या उपासमारीत.

राख काही दिवसांनी खाली बसली. पण ज्वालामुखीतून निघालेला गंधकाचा वायू खूप उंच गेला होता. तिथे त्याचे अतिसूक्ष्म थेंब झाले आणि वाऱ्यांनी ते पृथ्वीभर पसरवले. ढगांच्याही वर असल्यामुळे पाऊस त्यांना धुऊन काढू शकेना. या थेंबांनी सूर्याची थोडी उष्णता परस्पर परत पाठवली. थोडीच बरं का! पण तेवढ्याने पुढच्या वर्षी, म्हणजे १८१६ साली, युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेत काही ठिकाणी जून महिन्यात बर्फ पडलं. युरोपात पाऊस थांबेना, धान्य शेतातच कुजलं. पाव महागले. लोक गावं सोडून निघाले. ‘उन्हाळा नसलेलं वर्ष’ असंच त्या वर्षाचं नाव पडलं. (याच पावसाने स्वित्झर्लंडमध्ये घरात कोंडलेल्या मेरी शेली नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही भयकथा लिहायला घेतली. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

गंमत म्हणजे त्या वेळी कुणालाही कळलं नव्हतं, की आपल्या गव्हाचा सत्यानाश दूरच्या एका डोंगराने केला आहे!

या वर्षी ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात, मारियाफार नावाच्या गावी एक तेवीस वर्षांचा पाद्री नोकरीला होता. त्याचं नाव योसेफ मोर. मोर हे आडनाव, आपला पिसारावाला मोर नव्हे! साल्झबुर्ग शहरात त्याचा जन्म झाला तो अत्यंत गरीब घरात. आई विणकाम करून पोट भरायची. वडील सैनिक. ते सैन्यातून पळाले आणि घरातूनही. आईवडिलांचं लग्न झालेलं नसल्यामुळे लोक त्याला नावं ठेवायचे. बारशाला त्याचा धर्मपिता म्हणून नाव कुणाचं लागलं, माहीत आहे? शहरातल्या फाशी देणाऱ्या माणसाचं! पण पोराचा गळा गोड होता. चर्चमधल्या एका पाद्रीबाबांनी त्याला हाताशी धरलं, शिकवलं. पुढे पाद्री होतानाही त्याला खास परवानगी काढावी लागली, कारण पुन्हा तेच, जन्म.

तर काय सांगत होतो, १८१६. नेपोलियनच्या लढाया वर्षभरापूर्वीच संपल्या होत्या. वर्षानुवर्षं सैन्यं या मुलखातून येत-जात होती. साल्झबुर्गची सत्ता तर इतक्या वेळा बदलली, की लोकांना आपला राजा कोण हे दर दोन-चार वर्षांनी नव्याने पाठ करावं लागे. १८१६ साली बव्हेरियाचं सैन्य गेलं आणि साल्झबुर्ग ऑस्ट्रियाकडे आलं. शांतता आली, पण पोटात अन्न नाही. त्या वर्षी मोरने सहा कडव्यांची एक कविता लिहिली. रात्र, शांतता आणि झोपलेलं बाळ.

ही कविता १८१६ ची आहे हे आपल्याला अगदी अलीकडे, १९९५ साली कळलं. मोरच्या हातचा एक जुना कागद सापडला, त्यावर त्याने स्वतःच साल लिहिलं होतं. तोवर सगळे समजत होते, की शब्द आणि चाल दोन्ही १८१८ सालच्या एकाच दिवशी झाली.

१८१८ हा आकडा तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून पाठ असेलच. पेशवाई बुडाली ते साल. पुण्यातल्या लोकांनाही ते वर्ष फार सुखाचं गेलं नसणार! तिकडे साल्झबुर्गमध्ये त्याच वर्षी ३० एप्रिलला मोठी आग लागली आणि शहराचा नदीपलीकडचा बराच भाग जळून गेला. मोर तोवर शहराच्या उत्तरेला ओबर्नडॉर्फ या गावी आला होता.

हे गाव नावाड्यांचं. साल्झाख नदीच्या काठावर वसलेलं. ‘साल्झ’ म्हणजे मीठ. डोंगरातल्या खाणींचं मीठ होड्यांतून खाली न्यायचं, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. नदी गोठली की हाताला काम नाही. म्हणून हिवाळ्यात हे नावाडी चक्क नाटकं करायचे. पण लढायांमुळे मिठाचा व्यापार बसला होता. त्यात १८१६ च्या तहाने नदी हीच सरहद्द ठरवली. गावाचा मुख्य भाग पलीकडच्या काठावर, तो गेला बव्हेरियात. मोठं चर्च गेलं, बाजार गेला, नातेवाईक गेले. अलीकडे ऑस्ट्रियात उरलं छोटंसं ओबर्नडॉर्फ आणि नावाड्यांचा रक्षणकर्ता संत निकोलस याच्या नावाचं एक लहान चर्च.

त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावाहून एक शाळामास्तर यायचे. फ्रान्झ झावर ग्रुबर. तेही गरीब विणकराचे चिरंजीव. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोरने त्यांच्या हाती ती दोन वर्षांपूर्वीची कविता ठेवली आणि म्हटलं, दोन गळे, साथीला काही गायक आणि गिटार, अशी हिला चाल लावून द्या. मास्तरांनी त्याच दिवशी संध्याकाळी चाल आणून दिली. रात्री दोघांनी ते गाणं चर्चमध्ये म्हटलं. मोरच्या हाती गिटार. त्या काळी गिटार हे काही चर्चमध्ये शोभणारं वाद्य मानलं जात नव्हतं. मोरबद्दल त्याच्या वरिष्ठांची तक्रारच होती, की हा फार थट्टामस्करी करतो आणि न शोभणारी गाणी म्हणतो. मला तर त्यामुळेच तो जास्त आवडतो!

तुम्ही कदाचित उंदरांची गोष्ट ऐकली असेल. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला, ऐन नाताळात ऑर्गन बंद पडला, म्हणून गिटारवर गाणं करावं लागलं वगैरे. गोष्ट झकास आहे, पण ती मागाहून कुणीतरी रचलेली. ऑर्गन जुना झाला होता हे खरं. पण ग्रुबर मास्तरांनी पुढे स्वतः सगळी हकिकत लिहून ठेवली, तिच्यात उंदीरही नाहीत आणि बिघडलेला ऑर्गनही नाही.

चालीविषयी सांगायलाच हवं. ही चाल सहा मात्रांची आहे, म्हणजे आपल्या दादऱ्यासारखी झुलणारी. पाळण्याच्या झोक्याची लय! पहिले चार सूर म्हणून झाले की लगेच तेच चार सूर पुन्हा येतात. म्हणजे गाण्यात शिरल्या शिरल्या पुढचं पाऊल तुमच्या ओळखीचं झालेलं असतं. घरी पेटी असेल तर बसवून पाहा, तासाभरात येईल. दिवस वाईट असले, की उद्या काय होणार हेच कळत नाही. पगार येईल का, गिरणी उघडेल का, काहीच सांगता येत नाही. अशा वेळी पुढची ओळ कुठली हे पक्कं माहीत असणं, हीसुद्धा केवढी मोठी गोष्ट आहे!

हे गाणं ओबर्नडॉर्फमध्येच राहिलं असतं. पण ऑर्गन दुरुस्त करायला आलेला कारागीर कार्ल माउराखर याने ते आपल्या झिलर खोऱ्यात नेलं. तिथल्या श्ट्रासर कुटुंबाचा हातमोजे विकण्याचा धंदा होता. ही भावंडं जत्रांत मोजे विकायची आणि गिऱ्हाईक जमावं म्हणून गायची. १८३१-३२ च्या सुमारास त्यांनी हे गाणं जर्मनीतल्या लाइपझिग शहरात म्हटलं. लवकरच ते छापलं गेलं, ‘तिरोल भागातलं लोकगीत’ म्हणून. ना मोरचं नाव, ना ग्रुबरचं! १८३९ साली दुसऱ्या एका गायक कुटुंबाबरोबर, रायनर मंडळींबरोबर, ते न्यूयॉर्कला पोचलं.

१८५४ साली बर्लिनच्या राजदरबारातल्या संगीतकारांनी साल्झबुर्गला विचारणा केली, की हे गाणं मिखाएल हायडन या थोर संगीतकाराचं का? ते पत्र पोचलं ग्रुबर मास्तरांच्या मुलाच्या कानी आणि तिथून मास्तरांकडे. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी शांतपणे कागद घेतला आणि खरी हकिकत लिहून पाठवली. मोर मात्र सहा वर्षांपूर्वीच, ४ डिसेंबर १८४८ रोजी, वाग्राइन गावी वारला होता. कनवटीला पैसा नाही. होतं ते त्याने गावातल्या गरिबांसाठी आणि शाळेसाठी घातलं. आपलं गाणं कुठवर गेलं आहे, याचा त्याला पत्ताही नव्हता.

त्याचं एक चित्रसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. १९१२ साली पुतळा करायची वेळ आली तेव्हा शिल्पकारासमोर प्रश्न, याचा चेहरा कसा होता? शेवटी त्याची कवटी उकरून काढली आणि तिच्यावरून अंदाज बांधला! ते जुनं चर्च पुरांनी खिळखिळं होऊन पाडलं गेलं होतं. त्या जागी आज एक छोटं स्मारक-चॅपेल उभं आहे, त्याच्या भिंतीत ती कवटी बसवली आहे. गिटार हालाइन गावच्या संग्रहालयात आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो. पहिलं महायुद्ध. १९१४ चा डिसेंबर. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये चिखलाने भरलेल्या खंदकांत एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रज. मध्ये काटेरी तारा आणि न उचललेले मृतदेह. नाताळापर्यंत घरी जाऊ, असं ऑगस्टमध्ये सगळ्यांना वाटलं होतं. २४ तारखेच्या रात्री काही ठिकाणी जर्मन खंदकांवर मेणबत्त्या दिसू लागल्या. मग सूर आले. शब्द जर्मन, पण चाल? तीच, पाळण्याच्या झोक्याची! इकडूनही गाणी सुरू झाली. सकाळी माणसं बाहेर आली, हात मिळवले, मेलेल्यांना पुरलं, सिगारेटी आणि गुंड्यांची देवाणघेवाण केली. आपल्या गढवाल रायफल्सचे जवानही त्या आघाडीवर होते, तेही जर्मनांना भेटले. सगळीकडे असं झालं नाही. काही ठिकाणी त्याच दिवशी माणसं मारली गेली. आणि जिथे झालं तिथेही थोड्याच दिवसांत बंदुका पुन्हा सुरू झाल्या. गाण्याने युद्ध थांबलं नाही. आणखी चार वर्षं चाललं.

मोरच्या सहा कडव्यांपैकी आज बहुतेक ठिकाणी तीनच म्हणतात. गाळलेल्या कडव्यांमध्ये चौथं कडवं आहे. जगातल्या सगळ्या लोकांना भाऊ म्हणून जवळ घेतलं, अशा अर्थाचं. लढाया पाहिलेल्या माणसाने, उपाशी वर्षात लिहिलेलं. नेमकं तेच गळावं! मला याचं अजून वाईट वाटतं.

आज हे गाणं तीनशेहून अधिक भाषा आणि बोलींत म्हटलं जातं. ऑस्ट्रियाने २०११ साली ते आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातलं.

आमच्या चाळीचं विचाराल, तर तो संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. वडिलांची गिरणी काही त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. १९८३ च्या उन्हाळ्यात त्यांना एका गोदामावर रखवालदाराची नोकरी मिळाली. पगार निम्मा आणि तीही रात्रपाळी. दिवाळीला आम्ही कंदील लावला. डिसेंबरात मंडळी जिना चढून वर आली, तेव्हा त्यांना कुजबूज करायची वेळ आली नाही. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकूनच आईने आमचं दार सताड उघडलं होतं आणि वडील, कामावर जायला उशीर होत होता तरी, डबा हातात धरून उंबऱ्यात उभे होते.